३१ चालू कामं आणि एक फळा: मरोळमधल्या छोट्या टीमच्या प्रकल्प नोंदी

आम्ही औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो. ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळमध्ये. टीममध्ये नऊ जण: पाच डेव्हलपर, दोन टेस्टर, सपोर्टचा एक मुलगा आणि टीम सांभाळणारी मी. साधारण १४० पार्ट्या आहेत, त्यातल्या बऱ्याच प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजारातल्या. अजाईल पद्धतीने, म्हणजे कामाचे लहान तुकडे करून ते थोड्या थोड्या दिवसांनी पूर्ण करून देत, काम करायचं ठरवल्यापासून ही वही ठेवली. एवढ्याच आकाराची दुसरी एखादी टीम हा प्रयत्न करणार असेल तर आमचे वाया गेलेले दिवस तिचे तरी वाचावेत, म्हणून नोंदी जशाच्या तशा देत आहे.

३ जून २०२४, सोमवार

आज फक्त मोजदाद केली. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन एकच प्रश्न विचारला, "आत्ता तुझ्याकडे काय काय चालू आहे?" पाच डेव्हलपर मिळून ३१ कामं निघाली. त्यातली सात कुणी सांगितली होती हेच कुणाला आठवेना. शेवटचं रिलीज फेब्रुवारीत गेलं होतं. पुढचं एप्रिलमध्ये देतो असं पार्ट्यांना सांगितलं होतं आणि आता जून उजाडला.

सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, आकडा सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे सगळे कामात आहेत ना?" सगळे कामात होतेच. रोज रात्री आठपर्यंत दिवे चालू असायचे. पण हातावेगळं काही होत नव्हतं.

१० जून

फळा घेतला, सहा बाय चार फुटी. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून चिकट चिठ्ठ्या आणि मार्कर आणले. टेम्पोच्या भाड्यासकट ४,६०० रुपये. ऑनलाइन बोर्ड फुकटात झाला असता, पण तो ज्याचा त्याने उघडून बघावा लागतो. मला पाणी प्यायला उठणाऱ्यालाही दिसेल असं काहीतरी हवं होतं. फळा कूलरच्या शेजारी लावला. रकाने चार: घ्यायचं, चालू, टेस्टिंग, झालं.

१८ जून, मंगळवार

काल बकरी ईदची सुट्टी होती, म्हणून पहिला स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेली कामं संपवायचा टप्पा, आज सुरू. मुदत दोन आठवडे, २८ तारखेपर्यंत. नियोजनाला साडेतीन तास लागले. १४ कामं घेतली. सगळ्यांचे चेहरे उत्साहाचे होते, माझाही.

२८ जून, शुक्रवार

१४ पैकी तीन पूर्ण.

चूक कुठे झाली ते दुपारभर शोधत बसलो. एक तर जुनी ३१ कामं बंद केलीच नव्हती. नवीन १४ त्यांच्यावर रचली, म्हणजे ४५ झाली. प्रत्येक जण जुन्या-नव्याच्या मध्ये लटकला.

दुसरं म्हणजे स्टँडअप, रोजची उभ्या उभ्या होणारी छोटी बैठक. रोज दहाची वेळ ठेवली होती. आमच्यातले चौघे डोंबिवली-ठाण्याकडून घाटकोपरला उतरून मेट्रोने येतात, दोघे विरारहून. दहाला सगळे हजर, असं नऊ दिवसांत दोनदाच झालं. उशिरा आलेला माणूस घाम पुसत उभा राहायचा आणि आल्या आल्या हजेरी दिल्यासारखं बोलायचा. सर शेजारी उभे असायचे, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघून बोलत. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काही नाही. नऊ दिवसांत कुणीही अडचण सांगितली नाही, आणि ११ कामं अडली.

सोमवारपासून बदल: वेळ सव्वाअकरा. माणसाकडून माणसाकडे न जाता फळ्याच्या उजवीकडून सुरुवात करायची, म्हणजे जे काम संपण्याच्या सर्वात जवळ आहे त्यावर आधी बोलायचं. ते आज संपवायला काय लागेल, एवढंच. काल, आज आणि अडचण हे तीन ठरलेले प्रश्न खुद्द स्क्रमच्या, म्हणजे स्प्रिंट आणि स्टँडअप जिच्यातून आले त्या पद्धतीच्या, मार्गदर्शिकेतूनही २०२० च्या आवृत्तीत काढून टाकले आहेत. हे मला आधी माहीत असतं तर नऊ सकाळी वाचल्या असत्या.

सरांना महिनाभर स्टँडअपला येऊ नका अशी विनंती केली. बोलताना जीभ अडखळली, पण ते "ठीक आहे, शुक्रवारी मला फळा दाखव" म्हणाले. हे त्यांचं मोठेपण इथे लिहून ठेवते.

१ जुलै

जुन्या ३१ कामांचा निकाल लावला. एकेक चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "ही आज बंद केली तर कोण फोन करेल?" १२ कामांना कुणीच फोन करणार नव्हतं. ती फाडली. उरलेल्यांतली सहा चालू ठेवली, बाकीची 'घ्यायचं'मध्ये परत. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये या सहांसकट दहाच कामं घेतली.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. मध्य रेल्वेची वाहतूक कोलमडली. ऑफिसला तिघे पोहोचलो: मी, एक टेस्टर आणि सपोर्टचा मुलगा. बाकीचे घरून.

आज फळ्याची उणीव कळली. घरी बसलेल्यांना तो दिसत नाही. दर दोन तासांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तेवढ्याने भागलं. दुसरी गोष्ट जास्त लागली. दमट हवेने चिकट चिठ्ठ्या सुटून खाली पडत होत्या. दोन चिठ्ठ्या कपाटामागे सापडल्या. त्यातली एक 'एक्स्पायरी परतावा: बॅच नंबर चुकीचा' ही होती, शुक्रवारपासून पडलेली. तीन दिवस ते काम कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हतं आणि पार्टी वाट बघत होती. संध्याकाळी जाड कार्ड आणि लोहचुंबक मागवले, ६५० रुपये. मुंबईत फळा लावणार असाल तर पावसाळ्याआधीच चुंबक घ्या.

१२ जुलै, शुक्रवार

दहापैकी चार पूर्ण. पण या वेळी कारण हातात आलं.

सपोर्टच्या मुलाला मी प्रत्येक फोनची नोंद ठेवायला सांगितलं होतं: तारीख, पार्टी, काय अडलं, कोणत्या डेव्हलपरला उठवलं. दोन आठवड्यांत ६३ फोन. त्यातले ३८ सोमवार ते गुरुवार, ८ ते ११ तारखेचे. ११ तारीख ही महिन्याच्या जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणाची, शेवटची तारीख. व्यापारी दहा तारखेला विवरण जुळवायला बसतो, त्याच्या सीएला दोन रुपयांचा फरक दिसतो आणि फोन आमच्याकडे येतो. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं विवरण असतं, तेव्हा पुन्हा.

सात वर्षं, म्हणजे जीएसटी आला तेव्हापासून, हे दर महिन्याला घडत आलं आणि आम्ही त्याला 'अचानक आलेलं काम' म्हणत आलो. तारीख कॅलेंडरवर छापलेली असताना. दुसऱ्या कुणाला आमच्या वहीतलं एकच पान वापरायचं असेल तर हे वापरा: अजाईलचं काहीही सुरू करण्याआधी दोन आठवडे कामात येणारे व्यत्यय तारखेसकट लिहून काढा.

१५ जुलै

'खिडकी' सुरू केली. दर आठवड्याला एक डेव्हलपर खिडकीवर बसेल. सपोर्टचा कुठलाही प्रश्न आधी त्याच्याकडे. फळ्यावरचं एकही कार्ड त्याच्या नावावर नसेल. बाकी चौघांना कुणी उठवायचं नाही, सरांनीसुद्धा नाही. ८ ते ११ या दिवसांत खिडकीवर दोघे.

सरांची शंका रास्त होती: पाचातला एक कायमचा कमी झाला तर काम घटेल. मी त्यांना ६३ फोनांची वही दाखवली. एका फोनने माणूस उठला की पुन्हा कामात बसायला पाऊण तास जातो असं आमचेच लोक सांगत होते. "एक महिना बघू," म्हणाले.

२६ जुलै

तिसरा स्प्रिंट. ठरवलेली आठ, 'झालं'मध्ये सहा. टाळ्या वाजल्या. मग आमच्या ज्येष्ठ टेस्टर ताई शांतपणे म्हणाल्या, "यातली चार मी अजून बघितलेली नाहीत."

डेव्हलपरच्या लेखी कोड लिहिला की झालं. ताईंच्या लेखी तपासलं की झालं. पार्टीच्या लेखी तिच्या दुकानातल्या मशीनवर बिल छापलं गेलं की झालं. एकच शब्द, अर्थ तीन. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फळ्याच्या वर लावलं: 'झालं म्हणजे किमान एका पार्टीकडे चालू.' त्या हिशेबाने या स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेली कामं शून्य. तसंच वहीत लिहिलं.

पॉइंटांबद्दलही इथेच लिहिते. कामांना १, २, ३, ५, ८ असे अंदाजाचे आकडे द्यायचो. शुक्रवारी सरांनी विचारलं, "एक पॉइंट म्हणजे किती तास?" मी भिडेखातर "साधारण चार" म्हणून गेले. पुढच्याच नियोजनात कालचं तीनचं काम पाचचं झालं. माणसांची चूक नाही. आकड्यावरून जाब विचारला जाणार हे दिसल्यावर कुणीही मार्जिन ठेवणारच. पॉइंट बंद केले. त्याऐवजी एकच नियम: तीन दिवसांपेक्षा मोठं वाटेल ते काम फाडून लहान करायचं, आणि मोजायची ती फक्त कार्डं.

२९ जुलै

कामं लहान करणं बोलण्याइतकं सोपं नाही, म्हणून उदाहरण देते. 'स्कीम मॉड्यूल नवीन करणे' हे कार्ड मार्चपासून पडून होतं. औषधांच्या धंद्यात दहावर एक फ्री, वीसवर तीन फ्री, अशा स्कीम असतात. कधी त्यावर आणखी सूट. आम्ही आधी ते डेटाबेस, स्क्रीन, रिपोर्ट असं तोडलं. चुकलं, कारण तिन्ही होईपर्यंत पार्टीला काहीच मिळत नव्हतं. मग असं तोडलं: पहिलं कार्ड, फक्त 'दहावर एक', एकाच मालावर, बिलात बरोबर दिसणं. दुसरं, पूर्ण दहा न घेतल्यास काय. तिसरं, फ्री माल परत आला तर. प्रत्येक कार्ड दोन दिवसांचं आणि प्रत्येकाने पार्टीचं काहीतरी काम होणारं.

५ ऑगस्ट

रेट्रो, म्हणजे काय जमलं आणि काय चुकलं यावरची टीमची बैठक, अजून जमत नाही. तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा "सगळं ठीक" असंच. आज बिननावाच्या चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या आणि चहा झाल्यावर मी मोठ्याने वाचल्या. एका चिठ्ठीवर होतं (बिल्ड म्हणजे तपासायला दिलेली सॉफ्टवेअरची प्रत): 'बिल्ड दर गुरुवारी संध्याकाळी सहानंतर मिळतं. शुक्रवारी टेस्टिंग संपलं पाहिजे असतं. मला घरी लहान मूल आहे.'

खोलीत कुणीच बोललं नाही. अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मी रोज तिच्यापासून दहा फुटांवर बसत होते.

६ ऑगस्ट

रकान्यांना मर्यादा घातल्या. 'चालू'मध्ये चार, 'टेस्टिंग'मध्ये तीन. टेस्टिंग भरलं असेल तर डेव्हलपरने नवीन काम उचलायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा.

आमचे सर्वात अनुभवी डेव्हलपर, ज्यांना सगळे काका म्हणतात, दुखावले. "अगं, पंचवीस वर्षं कोड लिहिलाय मी. आता चेकिंगला बसू?" मी म्हटलं, "काका, एक आठवडा. नाही पटलं तर नियम काढते." पुढे हिशेब मांडून दाखवला. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं सूत्र आहे: चालू कामांची संख्या भागिले संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. समजा जूनसारखी ३१ चालू आहेत आणि आठवड्याला चार संपतात. म्हणजे आज घेतलेलं काम आठ आठवड्यांनी बाहेर. वेग तोच राहिला आणि चालू कामं सात ठेवली तर दोन आठवड्यांच्या आत. काकांना गणित आवडतं. ते कागद घेऊन गेले.

९ ऑगस्ट

काकांनी तीन दिवस ताईंच्या शेजारी बसून टेस्टिंग केलं. काल त्यांना स्वतःच लिहिलेली जुनी चूक सापडली: कर ओळीओळीने काढून राउंड ऑफ केला की एक बेरीज, एकूण रकमेवर काढला की दुसरी. फरक पैशांचा, पण महिन्याच्या हजार बिलांत तो रुपयांत जातो. सीएंचे दोन रुपयांचे फोन यातूनच येत होते. काका स्वतः मला सांगायला आले. नियम राहिला.

३० ऑगस्ट

हा महिन्यातला सर्वात मोठा तोटा. प्रत्येक रिलीजआधी २१२ तपासण्या हाताने कराव्या लागतात, दोन टेस्टरचे तीन दिवस. त्या आपोआप व्हाव्यात म्हणून एका डेव्हलपरने स्क्रीनवर आपोआप क्लिक करणारी तपासणी लिहायला घेतली. १४ कामाचे दिवस गेले. ३० तपासण्या तयार झाल्या आणि बिलाच्या स्क्रीनवर एक बटण डावीकडे सरकवल्यावर २२ कोसळल्या. दुरुस्त केल्या, पुन्हा कोसळल्या. शेवटी टाकून दिलं. पगाराच्या हिशेबाने साठेक हजार रुपये.

मी हे पाचव्या दिवशीच थांबवायला हवं होतं. आकडा वाढतोय म्हणून बरं वाटत राहिलं. तपासण्या टिकतायत का, हे बघितलंच नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. अर्धी टीम दुपारीच गेली.

नवा मार्ग: स्क्रीनला हात न लावता, आतला हिशेब तपासायचा. अडचण अशी की आमचा कराचा हिशेब बिलाच्या फॉर्मच्या कोडमध्येच मिसळलेला. तो वेगळा काढायचं काम काकांनी आणि सर्वात नवीन मुलीने एकाच मशीनवर बसून घेतलं. सगळं एकदम नाही: आधी फक्त कर. तो वेगळा झाला, त्यावर १८ तपासण्या. मग स्कीम. प्रत्येक तपासणी म्हणजे पार्टीचं खरं बिल आणि त्याचं बरोबर उत्तर, ताईंच्या वहीतून घेतलेलं. आज ४६ तपासण्या आहेत आणि सगळ्या मिळून एका मिनिटात होतात. आठ दिवस लागले.

११ सप्टेंबर

सोमवारी, ९ तारखेला, जीएसटी परिषदेने कर्करोगाच्या तीन औषधांवरचा दर १२ टक्क्यांवरून ५ वर आणण्याची शिफारस केली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर मालाला चिकटवलेला आहे, तारखेला नाही. दर बदलला की जुनी बिलंही नव्या दराने दिसू लागतात. पूर्वी अशा वेळी पार्टीला "नवीन नावाने माल उघडा" असं सांगून वेळ मारून न्यायचो. आज चार लहान कार्डं केली: दराला लागू तारीख, जुनं बिल जुन्या दराने छापणं, नवीन बिल नव्या दराने, आणि जुन्या बिलावरची क्रेडिट नोट जुन्याच दराने.

२० सप्टेंबर

स्प्रिंट सोडले. दोन आठवड्यांचा स्प्रिंट आमच्या ११ आणि २० तारखांशी कधीच जुळला नाही. बहुतेक वेळा एक तरी तारीख मध्ये यायची. आता एक काम संपलं की वरचं पुढचं घ्यायचं. नियोजन सोमवारी अर्धा तास, रेट्रो महिन्यातून दोनदा, तारीख ठरलेली. हे स्क्रम राहिलं नाही, कानबानच्या, म्हणजे चालू कामांवर मर्यादा ठेवून एकेक काम पुढे नेण्याच्या पद्धतीच्या, जवळचं आहे. टीममधल्या दोघांना स्प्रिंटची शिस्त आवडायची. त्यांचं म्हणणं असं की मुदत नसली की आठवडा ढिला जातो. त्यात तथ्य आहे. म्हणून दर शुक्रवारी दुपारी एका खऱ्या पार्टीला आठवड्याचं काम फोनवर दाखवायचं ठेवलं. ती मुदत सर्वांना पुरते.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आजपासून नवे दर लागू. बदल पार्ट्यांकडे गेल्या शुक्रवारीच पोचला होता, फक्त दर भरायचा बाकी होता. तो काल भरला. सकाळपासून याबद्दल दोन फोन, दोन्ही 'दर आपोआप बदलला का' विचारणारे. खिडकीवर दोघे बसलेत. बाकी तिघे त्यांच्या कार्डांवर आहेत. दुपारी दीडला सगळे एकत्र जेवलो. १० तारखेला असं यापूर्वी घडल्याचं मला आठवत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

जूनपासूनचा जमाखर्च. वस्तूंवर साधारण सव्वापाच हजार रुपये. वाया गेलेला वेळ: फसलेले तीन स्प्रिंट आणि क्लिकवाल्या तपासण्यांचे १४ दिवस. आज चालू कामं सात. आठवड्याला पाच-सहा संपतात. रिलीज दर शुक्रवारी सकाळी, आधी पाच पार्ट्यांकडे, सोमवारी बाकीच्यांकडे. हाताने करायच्या तपासण्या २१२ वरून ९० वर आल्या, त्या एका दिवसात होतात. ८ ते ११ तारखेचे फोन जुलैत ३८ होते, या महिन्यात आत्तापर्यंत १७.

न सुटलेलं: जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे प्रश्न अजूनही काकांशिवाय कुणाला सुटत नाहीत. खिडकीवर दुसरं कुणी असलं तरी फोन शेवटी त्यांच्याकडेच जातो. बुधवारपासून नवीन मुलगी त्यांच्यासोबत बसणार आहे. कार्ड फळ्यावर लावलंय, दोन दिवसांचं. बिल्ड आता बुधवारी दुपारीच मिळतं, आणि गेले पाच शुक्रवार ती टेस्टर सव्वासहाला बॅग उचलून निघते आहे.